चार डिग्री मागं

सर्जेराव मिस्त्रींचं कानसेनशी रोज सकाळी एकदा तरी वाजायचं. गंमत अशी, की दोघांचं म्हणणं शंभरातल्या नव्याण्णव वेळा एकच असायचं. पण मत जुळलं की भांडण मिटतं, असा ज्यांचा समज आहे त्यांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चार दिवस काढून बघावेत.

त्या सोमवारी पाटगावकर बाईंची लाल गाडी आली होती. बाई गडहिंग्लजच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि गाडी त्यांच्याहून थकलेली. सिग्नलला थांबली की हीव भरल्यासारखी थरथरायची. सर्जेरावांची मुलगी वैजयंता, म्हणजे वैजू, हिनं बॉनेट उघडलं आणि सहा माइक शिवलेला पट्टा इंजिनावर टाकला. तेवढ्यात सर्जेराव आपला हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन पलीकडून वाकले. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. पंचाहत्तरीत त्यांना माणसं नीट ऐकू येत नव्हती, पण लोखंडातून हाडात उतरलेलं अजून बरंच कळायचं.

"तीन नंबर मिसिंग मारतोय," ते म्हणाले.

"तीन नंबर मिसिंग मारतोय," पट्ट्याला जोडलेल्या यंत्रातून कानसेन बोलला. "प्लग न्हवं, कॉइल गेलीय."

"काय म्हणतंय त्ये?" सर्जेरावांनी विचारलं. वैजूनं मोठ्यानं सांगितलं. "मी म्हणणारच हुतो की कॉइल! जरा दम धर म्हणावं त्येला. मोठ्या माणसाच्या आधी बोलतंय!"

"आबा, ते तुमचंच कार्टं हाय," वैजू म्हणाली. "तुमच्यावरच जाणार."

हे खरंच होतं. २०४१ साली रस्त्यावर पेट्रोलच्या गाड्या शंभरात पाच उरल्या होत्या. बॅटरीच्या गाडीला कान लावून काय ऐकणार? त्यामुळे इंजिनाचा आवाज ओळखणारे मिस्त्री एकेक करून घरी बसले. तेव्हा पुण्याच्या 'नादवेध' नावाच्या कंपनीला सुचलं, की हे कान मातीत जायच्या आत साठवून ठेवावेत. त्यांनी महाराष्ट्रभर फिरून मिस्त्री शोधले आणि सगळ्यांत तिखट कान निघाला सर्जेराव कुरण्यांचा.

इंजिन म्हणजे ठरलेल्या तालात होणाऱ्या बारक्या स्फोटांची रांग. चार सिलिंडर पाळीपाळीनं पेटतात आणि दर वेळी मधला दांडा कणभर वेग घेतो. एखादा पेटलाच नाही तर तालात खड्डा पडतो. ते मिसिंग, ते ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड ते टायमिंग. ठिणगी पडली की पेट्रोल त्याच क्षणी सगळं जळत नाही, ज्वाला पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन पुरता वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पाडावी लागते. किती आधी, ते दांड्याच्या फिरण्यावर अंशांत मोजतात, आणि मिस्त्री त्याला डिग्री म्हणतात. ठिणगी फार पुढं, म्हणजे फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनला उलटा दणका बसतो. मागं, म्हणजे उशिरा पडली, तर चाकाला मिळायची ताकद नुसती उष्णता होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. प्रत्येक जुन्या इंजिनाची झीज वेगळी, म्हणून योग्य जागाही वेगळी. पुस्तकात ती सापडत नाही.

तीन वर्षं सर्जेराव कानात माइक आणि मनगटावर पट्टी बांधून काम करत होते. कानांनी काय ऐकलं आणि त्यावर हातानं काय केलं, हे अकराशे इंजिनांवर नोंदलं गेलं. त्यातून कानसेन शिकला. बोलण्याची ढबसुद्धा त्यानं तीच उचलली. आता राज्यातल्या चाळीस हजार गाड्यांचं टायमिंग तो लावत होता. करारात सर्जेरावांनी हट्टानं एक कलम घालून घेतलं होतं: मिस्त्रींच्या सहीशिवाय या कानाला हात लावायचा नाही. सही करताना ते कंपनीच्या माणसांना म्हणाले होते, "उद्या कुनीबी सोमागोमा यील आणि माझा कान पिळंल. त्ये चालायचं न्हाई."

वैजूनं कॉइल बदलली, कानसेननं टायमिंग लावलं, आणि बाईंची गाडी मांजरीसारखी गुरगुरायला लागली. बाई खूश होऊन गेल्या. गुरुवारी परत आल्या त्या हातात लाल चिठ्ठी घेऊन.

"दुसरी लाल चिठ्ठी," बाई म्हणाल्या. "मिसिंग गेलं म्हणे, पण सायलेन्सर गरम आहे. इंधन वाया जातं. तिसऱ्यांदा नापास झाली की भंगारात. मिस्त्री, मी माझ्या शाळेतल्या मुलांनासुद्धा एवढं घाईनं नापास करत नव्हते."

एक तारखेपासून जुन्या गाड्यांच्या तपासणीचा नियम कडक झाला होता. आधी धूर बघत, आता किती उष्णता फुकट जाते तेही मोजत.

"नवी गाडी घ्या की बाई," वैजू म्हणाली. "आपली आपण चालती."

"तेच तर. ती चालते, मी बसते. मला आजऱ्याला बहिणीकडे स्वतः गाडी चालवत जायचंय. हे एवढंच सुख मी निवृत्तीसाठी राखून ठेवलं होतं." बाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "पुढच्या मंगळवारी शेवटची तपासणी आहे."

सर्जेरावांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "टायमिंग झ्याक हाय. त्येंच्या मशिनीलाच दाखवा जावा कुनाला तरी." कानसेनही म्हणाला, टायमिंग झ्याक हाय. वैजूनं मात्र चिठ्ठी उचलून परत वाचली. कारण त्या आठवड्यात गॅरेजात आलेली ही चौथी लाल चिठ्ठीवाली गाडी होती.

दुपारी पुण्याहून फोन आला. केतकी देवस्थळी ही नादवेधमधली इंजिनिअर; कानसेनला तिनंच घडवलेलं. सर्जेरावांना ती काका म्हणायची आणि दर दिवाळीला न चुकता फराळाला यायची. आज तिचा आवाज पडलेला होता.

"वैजयंताताई, राज्यभरातून तक्रारी येतायत. मी चाळीस हजार गाड्यांचे आकडे लावले. सगळ्या चार अंश मागे आहेत. एकजात सगळ्या. काकांनी शिकवलं तसंच तो लावतोय."

वैजूनं हातातला पाना खाली ठेवला. "म्हंजे आबांचा कान..."

"नाही हो, तीच तर गंमत आहे. मी जुन्या नोंदी उकरल्या. त्यांच्या मनगटाची पट्टी काय सांगते माहितीये? दर इंजिनाला त्यांचा हात आधी अगदी बरोबर जागी जाऊन थांबतो. सेकंदभर. अकराशे वेळा, एकदाही चूक नाही. आणि मग तिथून चार अंश मागे येतो. आम्ही शेवटची जागा तेवढी शिकवली, मधला थांबा गाळून टाकला. कान अचूक आहे ताई. हात मागे जातो."

"का पर?"

"ते मला कसं कळणार? मला फक्त चार अंश पुढे सरकवायचेत, त्यासाठी सही हवी. काका नाही म्हणाले तर..." केतकी घुटमळली. "करारात वारस म्हणून तुमचं नाव आहे. तुमची सहीसुद्धा चालते. मी फॉर्म पाठवलाय. रविवारपर्यंत."

फोन ठेवल्यावर वैजूनं तो फॉर्म उघडला. नाव छापून आलं होतं, खाली रिकामी रेघ. बोट फिरवलं की काम झालं असतं. बाईंची गाडी वाचली असती, चाळीस हजार वाचल्या असत्या आणि आबांना कळलंही नसतं. पण आबांच्या मागून त्यांच्या कानाला हात लावायचा, हे तिच्यानं होईना. आणि तोंडावर सांगावं तर ज्या एका गोष्टीवर हा माणूस ताठ उभा होता, तीच काढून घ्यायची? लहानपणी शाळेत कुणी विचारलं की वैजू सांगायची, माझ्या आबांचा कान कधी चुकत नाही. अजूनही तिला तसंच वाटत होतं, आणि आज तर पुराव्यानिशी. मग हात का मागं जातो?

घर गॅरेजच्या मागंच होतं. वैजू स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं आत शिरली. या दाराला तिच्या जन्माच्या आधीपासून एक वाकडा लोखंडी दांडा अडणा म्हणून लावलेला असे. आई, म्हणजे मालनबाई, भाकऱ्या थापत होत्या. उजवा हात मनगटात थोडा आत वळलेला, त्यामुळे भाकरी एका बाजूला जाड व्हायची. कुरण्यांच्या घरची भाकरी ओळखायची खूण होती ती. जाड बाजू कायम आबांच्या ताटात जायची आणि आबा ती मुकाट्यानं खायचे. आमटीत मीठ कमी पडलं तर आरडाओरडा करणारा माणूस जाड भाकरीबद्दल कधी अक्षर बोलला नव्हता.

हे वैजूनं हजारदा बघितलं होतं. आज ती बघतच राहिली.

"आई, तुझा हात कशानं मोडला गं?"

"आता गं काय काढलंस?" मालनबाई हसल्या. "तुझ्या जन्माच्या आधी. त्र्याण्णव साली. ती मागं ताडपत्रीखाली जीप हाय न्हवं, ती नवीनच घेतलेली. तुझ्या आबानं पैज मारली, पन्हाळ्याचा घाट टॉप गिअरमधी चढवून दावतो. स्टार्टर बिघडलेला. हे आत बसलं, मला म्हणालं, पुढनं इंजिन फिरवायचं हँडल मार. मी मारलं. हँडल उलटं फिरलं आणि काडकन आवाज आला. हाडवैद्याकडं नेलं, पर नीट बसलं न्हाई." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "माझंच चुकलं. माझ्या अंगात जोर कमी पडला. त्येंची पैज ऱ्हायली माझ्यापायी."

वैजू खाली बसली. आईला माहीत नव्हतं, पण वैजू स्वतः मिस्त्री होती. जोर कमी पडून हँडल उलटं फिरत नाही. ठिणगी फार लवकर पडली की फिरतं. घाट चढायला म्हणून कुणीतरी टायमिंग पुढं ओढलं असलं की फिरतं.

तिनं फॉर्म बंद केला आणि आबांच्या खोलीत गेली. सर्जेराव खुर्चीवर बसून स्क्रूड्रायव्हर पुसत होते. वैजू त्यांच्या चांगल्या कानाशी वाकली आणि केतकीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता आबांचा चेहरा लाल झाला.

"माझा कान चुकत न्हाई!"

"न्हाईच चुकत. केतकी बी तेच म्हणती. हात मागं येतोय आबा. जीपचं टायमिंग किती पुढं वढलं हुतं तुम्ही?"

सर्जेरावांचं पुसणं थांबलं. स्क्रूड्रायव्हर त्यांनी मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "चार डिग्री."

दारात भाकरीचं ताट घेऊन मालनबाई उभ्या होत्या. त्या कधी आल्या, कुणालाच कळलं नाही.

"पैजेसाठी वढलं हुतं," सर्जेराव ताटाकडे बघत म्हणाले, बायकोकडे बघायची हिंमत नव्हती. "आणि हँडल कसं धरायचं त्ये बी सांगितलं न्हाई तुला. घाईत ऱ्हायलं. अंगठा आत घालून धरलंस तू. पुढं हरेक गाडीचं टायमिंग लावताना वाटायचं, ही गाडी उद्या कुनाच्या हातानं चालू व्हनार? कुनाची बायकू आसंल, कुनाची आई. ऱ्हाऊ दे जरा मागं. गाडी मंद पळंल, पर हात तर शाबूत ऱ्हाईल."

"पर आबा, आता हँडल कुठल्या गाडीला हाय?"

"ठावं हाय मला. हाताला कुठं ठावं हाय?"

वैजूचे डोळे भरून आले. तिला वाटलं आई आता रडेल, नाहीतर रागावेल. अठ्ठेचाळीस वर्षांनी नवऱ्याची चूक कळणं काही लहान गोष्ट नाही. मालनबाईंनी ताट खाली ठेवलं आणि कमरेवर हात घेतले.

"म्हंजे माझा जोर कमी न्हवता पडला?"

"न्हाई."

"अठ्ठेचाळीस वर्सं मी सोताला बोल लावला! आणि तुम्ही काय केलं? माझ्याजवळ चुकलो म्हणायचं सोडून दुसऱ्याच्या गाड्या मागं ठिवत बसला? आवो, गाड्यांनी काय घोडं मारलं हुतं तुमचं?"

सर्जेराव खाली मान घालून बसले. पण वैजूनं सहीचा विषय काढला तसे ते परत आडवे झाले. चार डिग्री पुढं करायला ते तयार होईनात. समजत सगळं होतं, पण मन घेत नव्हतं. "उद्या कुनाला लागलं तर?" एवढंच धरून बसले. माणसाला पुराव्यानं पटतं आणि तरीही भीती जात नाही, हे केतकीच्या आकड्यांत कुठं बसणार?

शेवटी मालनबाईच म्हणाल्या, "बोलवा त्या केतकीला. रविवारी जीप काढा. टायमिंग तुम्ही लावा, बरोबर जागी. हँडल मी मारतो."

"याड लागलंय का तुला? सत्तर वर्साची झालीस!"

"म्हणूनच. आता न्हाई तर कवा मारू?"

रविवारी सकाळी केतकी आली, तीच जुनी माइकांची जोडी आणि मनगटाची पट्टी घेऊन. वैजूनं जीपवरची ताडपत्री काढली, प्लग साफ केले, पेट्रोल घातलं, ठिणगी बघितली. स्टार्टर मुद्दामच जोडला नाही. मालनबाई घरातून वाकडा लोखंडी दांडा घेऊन आल्या. मागच्या दाराचा अडणा.

"ह्ये हँडल?" वैजूनं विचारलं. "मी जन्मभर ह्येनं दार लावतोय!"

"टाकून द्यायचं कशाला?" मालनबाई म्हणाल्या. "लोखंड चांगलं हाय."

टायमिंग मागंपुढं करायला इंजिन चालू असावं लागतं. म्हणून आधी वैजूनंच हँडल मारून जीप सुरू केली, तेव्हा टायमिंग मिस्त्रींच्या सवयीनुसार मागंच होतं. इंजिन आळसावलेलं चालत होतं. सर्जेरावांनी स्क्रूड्रायव्हर हाडाला लावला, पट्टी बांधलेल्या हातानं ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर धरला आणि हळूहळू फिरवायला लागले. आवाज भरत गेला. एका जागी इंजिन मोकळं झालं. वैजूलाही ते कळलं, केतकीलासुद्धा कळलं. हात थांबला. एक सेकंद गेला. मग मनगट मागं यायला लागलं, आपोआप, अकराशे वेळा आलं होतं तसं.

मालनबाई पुढं झाल्या आणि त्यांनी आपला वाकडा हात त्या हातावर ठेवला. हात परत पुढं गेला आणि तिथंच थांबला. वैजूनं बोल्ट आवळला आणि इंजिन बंद केलं.

मालनबाईंनी पदर खोचला, हँडल पुढून घातलं आणि वाकल्या.

"अंगठा!" सर्जेराव ओरडले. सगळं गॅरेज दचकलं. ते तुरुतुरु चालत गेले आणि बायकोशेजारी मातीत गुडघ्यावर बसले. "अंगठा आत न्हाई घालायचा. बोटांच्या बाजूलाच ठिवायचा, असा. म्हंजे उलटं फिरलं तर हँडल हातातनं सुटतं. आणि वरनं खाली दाबायचं न्हाई. खालनं वर वढायचं. कळलं?" त्यांनी तिचा अंगठा स्वतःच्या हातानं सरकवून ठेवला. "कळलं का मालन?"

"कळलं. सरका आता."

पहिल्या ओढीला जीप नुसती फुसफुसली. दुसऱ्या ओढीला धरली. उलटा दणका बसला नाही, हिसका नाही. हँडल अलगद सुटून मालनबाईंच्या हातात आलं आणि त्या ते उंच धरून हसत सुटल्या. सर्जेराव मात्र रडत होते. पंचाहत्तर वर्षांचा माणूस सगळ्यांदेखत, मातीत बसून.

मग त्यांनी ग्रीसच्या हातानं केतकीच्या स्क्रीनच्या पाटीवर सही केली. पाटगावकर बाईंची गाडी मंगळवारी पास झाली, ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. बाई आजऱ्याहून काजू घेऊन आल्या. पण ते पुढचं. त्या सकाळी नवा कान अजून चढायचा होता. केतकी म्हणाली, दुपारपर्यंत सगळीकडं पोचेल. तोवर होता तो जुनाच.

जीप चालू होती, आणि माइकांचा पट्टा वैजूनं सवयीनं तिच्यावर टाकलेला होता. कानसेननं बराच वेळ ऐकलं आणि बोलला. चार-पाच वर्षांपूर्वीचा सर्जेरावांचा ठणठणीत आवाज.

"लई पुढं हाय. चार डिग्री मागं घ्या."

सगळ्यांनी सर्जेरावांकडे बघितलं. सर्जेरावांना ऐकू आलं नव्हतं. मालनबाईंनी वाकून त्यांच्या कानात सांगितलं, "मागं घ्या म्हणतोय."

सर्जेराव गुडघ्यावर हात टेकून उठले, यंत्रापाशी गेले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्याशी भांडले नाहीत.

"ऱ्हाऊ दे लेका," ते म्हणाले. "आता न्हाई लागायचं कुनाला. तिला अंगठ्याचं सांगितलंय मी."